विद्यार्थी निधी कोणासाठी?

दरवर्षी निकाल लागले की आपल्या मंडळाच्या टेबलावर गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा साचू लागतो. नियम ठरलेला आहे. सभासदाच्या घरातला मुलगा वा मुलगी हवी, दहावी-बारावीला पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गुण हवेत, पदवीला प्रथम वर्ग हवा. मग एक रविवार ठरतो, हॉल घेतला जातो, प्रमुख पाहुणे येतात. गुलाबपुष्प, प्रमाणपत्र आणि पाकीट दिले जाते, अल्पोपाहार होतो आणि मंडळी घरी जातात. या कार्यक्रमाची चेष्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पदवी म्हणजे वापी, वलसाड, बोर्डी नाहीतर थेट नाशिक-पुणे अशी पायपीट होती, त्या काळात आपल्यातल्या एखाद्या शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या मुलाला शे-दोनशे रुपयांचे पाकीट मिळे आणि त्यात त्याची वर्षाची पुस्तके येत. आज ज्या घरांत हे पाकीट जाते, तिथे दारात गाडी असते. एका पालकांनीच आम्हाला हसत हसत सांगितले की गेल्या वर्षीचे पाकीट अजून कपाटात तसेच पडले आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या निधीचा नियम बदलण्याचा ठराव येत आहे. गुणांऐवजी गरज पाहावी, सभासदत्वाची अट काढावी, आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या कोणत्याही समाजाच्या मुलामुलीला निधी खुला करावा, असा तो ठराव आहे. त्यावरून मंडळात कुजबुज सुरू आहे. खरे सांगायचे तर गोष्ट कुजबुजीच्याही पुढे गेली आहे. तेव्हा आमचे मत आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. ठराव मंजूर व्हावा. का, ते वाचकांनी शांतपणे वाचावे एवढीच विनंती.

गेल्या वर्षी जुलैत खानवेलच्याही पुढून एक वारली मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे आली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावी चांगल्या गुणांनी पास. कॉलेजात प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीचा अर्ज तेवढा भरायचा होता. वडिलांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून कागद काढले. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, आणि बँकेचे खाते आधारशी जोडलेलेच नाही. आपल्या एका निवृत्त सभासदांनी दोन दिवस खर्चून ते सगळे मार्गी लावले. अर्ज गेला आणि यथावकाश मंजूरही झाला. गाव ते कॉलेज रोज ये-जा जमेना म्हणून तिने आणखी तिघींबरोबर चाळीत एक खोली घेतली. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेऊन पहिल्या दोन महिन्यांचे भाडे भरले. दिवाळीपर्यंत शिष्यवृत्तीचा पैसा आला नाही. उचल संपली. सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत आली ती कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली. शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली तेव्हा ती पॅकिंगच्या लाइनवर उभी होती.

या मुलीला आरक्षण होते, प्रवेश होता, शिष्यवृत्ती होती. कागदावर पाहिले तर तिच्यावर कोणीही अन्याय केलेला नाही. मग ती गेली कुठे? आमच्या मते प्रश्नाचे मूळ इथेच आहे. दाराशी आणून सोडण्याची व्यवस्था आपण केली, पण आत टिकून राहण्याची केली नाही. आणि गळती होते ती बहुधा पहिल्या वर्षात, बऱ्याचदा पहिल्या चार महिन्यांतच, आणि अशा रकमांपायी की ज्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात एका हॉटेलच्या बिलात जातात.

आकड्यांकडे पाहू. १९९१ च्या जनगणनेत आपल्या प्रदेशाची लोकसंख्या १,३८,४७७ होती आणि तीत शंभरातले ७९ आदिवासी होते. २०११ मध्ये लोकसंख्या ३,४३,७०९ झाली आणि आदिवासींचे प्रमाण ५२ वर आले. आदिवासी कमी झाले नाहीत, बाहेरून येणारे वाढले. साक्षरता २०११ मध्ये एकूण ७६ टक्के, पण आदिवासींमध्ये ६२ टक्क्यांच्या आसपास. उच्च शिक्षणाचे चित्र त्याहून केविलवाणे आहे. केंद्राच्या २०१८-१९ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटातल्या शंभर जणांमागे देशात २६ जण कॉलेजात होते, तर दादरा व नगर हवेलीत दहासुद्धा नव्हते. हा आकडा थोडा फसवा आहे हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. याच वयाची हजारो परप्रांतीय मुले इथल्या कारखान्यांत कामाला आलेली असतात आणि त्यांच्यामुळे भागाकारातला खालचा आकडा फुगतो. पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. शिवाय त्याच कारखान्यांचे दार अठरा वर्षांच्या स्थानिक मुलालाही उघडे असते. कॉलेजचा पैसा येतो तेव्हा येतो, ठेकेदाराचा दर महिन्याला हातात पडतो.

आता शिष्यवृत्तीचे गणित. अनुसूचित जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी जुलै २०१० पासून जे दर लागू झाले, त्यांत बी. ए., बी. कॉम. किंवा बी. एस्सी. करणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला महिना ३०० रुपये निर्वाह भत्ता होता, वसतिगृहात राहणाऱ्याला ५७०. फी वेगळी मिळते, हे खरे. पण ३०० रुपयांत महिना काढून दाखवा असे आव्हान आम्ही दिले, तर आपल्यातला कोण पुढे येईल? तेही पैसे वर्षाच्या सुरुवातीला नव्हे, तर पडताळणीच्या पायऱ्या चढून उतरून झाल्यावर.

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समानतेचे नियम काढले. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा, असे त्यांत सांगितले. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे नियम चालू ठेवायला सांगितले. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. अपमान झाला तर तक्रार कुठे करायची हा प्रश्न मोठाच आहे. पण खोलीभाडे थकल्याची तक्रार कोणत्या कक्षात करायची, हे ना जुन्या नियमांत आहे, ना नव्यांत.

आपल्या पूर्वसूरींना मात्र हे नेमके कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो जुलै १९०२ मध्ये, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. वसतिगृह आधी आणि आरक्षण नंतर, असा तो क्रम आहे. पुढे कोल्हापुरात जवळजवळ प्रत्येक समाजाचे बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातल्या मुलाला गावात आणले तर त्याला भाकरी आणि पथारी लागते, हे राजाला समजत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडायला काढून दिले, ही हकीकत आपण शाळेत असताना ऐकली आहे आणि भाषणांतून अजूनही सांगतो. सांगतो आणि मग पाकिटे वाटतो.

महाराष्ट्र शासनाने अलीकडे हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने केली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला जेवण, भाडे आणि निर्वाहासाठी थेट खात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६-१७ पासून तिथे आहे. सुरुवातीच्या दरांप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, लहान ठिकाणी त्याहून कमी. तिथेही हप्ते उशिरा येतात म्हणून मुले मोर्चे काढतात, हे आम्ही वाचतो. पण निदान खोलीचे भाडे हा शिक्षणाचा खर्च आहे, एवढे तिथे मान्य झाले आहे.

मग आपली मुले तिकडे का जात नाहीत, असे कोणी विचारील. जातात, पण त्यांचा दाखला सीमेवरच अडतो. मांदोणीचा वारली आणि तलासरीचा वारली एकमेकांचे सोयरे असतील, एकच देव पुजत असतील, पण एका राज्यातला अनुसूचित जमातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या सवलती त्याला मिळत नाहीत. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आंध्रातल्या एका विद्यार्थ्याला मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा हवी होती, त्याचा तो दावा. कायद्याच्या दृष्टीने त्या निकालामागे कारण आहे, कारण प्रत्येक राज्याची यादी तिथल्या परिस्थितीवरून ठरते. पण सीमेच्या दोन्ही बाजूंची परिस्थिती एकच असेल तर? काथोडींचे पाहा. महाराष्ट्रात कातकरी आणि गुजरातेत काथोडी विशेष असुरक्षित आदिम गटात मोडतात, त्यांच्यासाठी वेगळा निधी येतो. त्या दोन राज्यांच्या मधोमध असलेल्या आपल्या हवेलीत हेच लोक केवळ साध्या यादीतले. चार कोसांवर माणसाची असुरक्षितता संपते की काय, असा प्रश्न पडतो.

तेव्हा आपल्या मुलांसाठी जे काही करायचे ते इथेच व्हायला हवे. आणि ते फार मोठे असावे लागते असेही नाही. बसच्या पासाने आणि चार पुस्तकांनी काय होणार, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला विचारले. त्यांच्यासाठी एक दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजे असतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कमी फी, आणि गावातलीच गरीब, नोकरी करून शिकणारी मुले. प्रवेश घेणारे पुष्कळ, पुरे करणारे थोडे, अशी तिथलीही रड आहे. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या अशा कॉलेजांत एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि नेमून दिलेल्या सल्लागाराला नियमाने भेटायचे. त्या बदल्यात मेट्रोचा पास, पुस्तकांचा खर्च आणि शिष्यवृत्तीतून न भागलेली फी कॉलेजने द्यायची. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत मुलांची विभागणी करून हा प्रयोग तपासला गेला. तीन वर्षांनी योजनेबाहेरच्या शंभरातली २२ मुले पदविका घेऊन बाहेर पडली होती, योजनेतली ४०. जवळजवळ दुप्पट. मुले तीच, परीक्षाही तीच. बदलले ते एवढेच की पास, पुस्तक आणि नावाने ओळखणारे एक माणूस मिळाले.

नावाने ओळखणारे माणूस. हे तर आपल्या मंडळाकडे भरपूर आहे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कचेरीत तीस वर्षे काढलेले आहेत. कोणता दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो आणि कोणत्या साहेबाला कशा भाषेत अर्ज लिहावा, हे या मंडळींना तोंडपाठ आहे. ही आपली जुनी पुंजी आहे आणि ती गंजते आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की हे सरकारचे काम आहे. आहेच. आम्ही सरकारला मोकळे सोडा असे म्हणत नाही. आपल्या प्रदेशाला विधानसभा नाही, जानेवारी २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झाल्यानंतरही नाही. ज्या मुलाचे भाडे थकले त्याचा प्रश्न विचारायला आमदार नाही. अशा ठिकाणी संस्थांनी निवेदने द्यायची नाहीत तर कोणी द्यायची? महाराष्ट्रातल्या स्वयम्‌सारखी निर्वाह योजना इथे असावी, शिष्यवृत्तीतला निदान पहिल्या चार महिन्यांचा भाग प्रवेशाच्या वेळीच मिळावा, आणि दुधनी, कौंचा, मांदोणीकडून येणाऱ्या बसच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळवाव्यात, या तीन मागण्या मंडळाने प्रशासनाकडे आणि खासदारांकडे लेखी मांडाव्यात. पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत दिवाळी येते, आणि दिवाळीत काय होते ते वर सांगितलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे आणि म्हणून आम्ही तो हलका मानत नाही. आपल्याच समाजातही गरीब आहेत, त्यांना ना आरक्षण ना शिष्यवृत्ती, मग आपला पैसा बाहेर का? अशी घरे आहेत, आम्हाला ती ठाऊक आहेत. कंपनी बंद पडलेला बाप, विधवा आई, टपरीवर चालणारा संसार. पण आजचा नियम त्यांनाही मदत करत नाही, हे लक्षात घ्या. पंचाहत्तर टक्क्यांची अट त्यांच्याच मुलांना आधी बाहेर काढते, कारण शिकवणीची फी भरणे त्यांना परवडत नाही. नवा नियम गरज पाहतो, तो त्यांना आत घेतो. ज्यांचे नुकसान होईल ती मुले अशी आहेत की ज्यांना नुकसान झाल्याचे कळणारही नाही.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, चहाच्या वेळी मांडतात. हे मराठी मंडळ आहे, आणि ती मुले मराठी कुठे? वाचकहो, इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे शंभरात सुमारे सात. जनगणना वारलीला भिली गटात मोजते. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात तिला मराठीच्या पदराखाली धरले होते. हा वाद भाषाशास्त्रज्ञांचा, त्यांनी तो सोडवावा. आम्ही एवढेच पाहतो की खानवेलच्या पुढच्या पट्ट्यात जी मुले मराठी शाळेत शिकली, ती मराठीत वाचतात आणि मराठीत लिहितात. आपल्या घरांतली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि हे पत्रक त्यांना आजोबा वाचून दाखवतात. (आमच्या घरातही तेच आहे, तेव्हा हा दगड आम्ही आधी स्वतःच्याच काचेवर मारतो.) सिल्वाशात आज मराठी विद्यार्थी शोधायचा झाला तर तो आपल्या सोसायट्यांत कमी आणि मांदोणी-सिंदोणीकडच्या पाड्यांवर अधिक सापडेल. कॉलेजात पाऊल टाकल्यावर त्याच्यासमोर इंग्रजी येते, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी. त्याच्याशी त्याच्या शाळेच्या भाषेत बोलणारे कोणी असेल तर ते आपणच आहोत.

आपण दरवर्षी २ ऑगस्टला १९५४ च्या मुक्तीची आठवण काढतो. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही नावे अभिमानाने घेतो, लता मंगेशकरांनी निधीसाठी गायलेल्या कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. महाराष्ट्रातून आलेली ती माणसे ज्या भूमीसाठी आली होती, तिथे तेव्हा राहणारे बहुसंख्य लोक वारली, कोकणा, धोडिया होते. पुण्यातल्या रसिकांनी तिकिटे काढली तेव्हा हा पैसा आपल्याच माणसांवर खर्च होणार का, अशी अट त्यांनी घातली नव्हती.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. निधी लहान आहे, म्हणून तो पातळ पसरू नये असे आम्हाला वाटते. पन्नास जणांना हजार-हजार देऊन फोटो काढण्यापेक्षा दहा जणांचे जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांचे खोलीभाडे आणि बसचा खर्च भागवावा. शिष्यवृत्ती आली की जमेल त्याने जमेल तेवढे परत करावे, सक्ती नको, व्याज तर नकोच. ज्यांची वरची खोली रिकामी आहे अशी किमान सहा घरे आमच्या माहितीत आहेत. नावे आम्ही छापत नाही, त्यांनी स्वतः विचार करावा. मुली ठेवायला लोक बिचकतात, जबाबदारी नको म्हणतात. ते समजण्यासारखे आहे. पण दोन-दोन मुली एकत्र, आणि मंडळाच्या महिला शाखेची देखरेख, अशी सोय झाली तर अडचण राहू नये. महिला शाखेने तशी तयारी तोंडी दाखवली आहे.

गुणगौरव समारंभ बंद करा असे ठरावात कुठेही म्हटलेले नाही, उगाच गैरसमज नको. गुणवंतांना प्रमाणपत्र आणि पुस्तक द्यावे, टाळ्याही वाजवाव्यात. फक्त पाकीट दुसऱ्या दाराने जावे.

वर सांगितलेल्या मुलीला आम्ही मध्यंतरी विचारले की पुन्हा प्रवेश घेशील का. ती म्हणाली, पहिल्या वर्षाची पुस्तके अजून ठेवली आहेत, पण बाबांची उचल फिटायची आहे. किती राहिली, असे विचारले तर तिने सांगितलेला आकडा आपल्या मागच्या समारंभाच्या अल्पोपाहाराच्या बिलापेक्षा कमी होता.

ठरावाचा मसुदा याच अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्या सभासदांनी सभेच्या आठ दिवस आधी कार्यालयात लेखी द्याव्यात. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरून द्यायला आठवड्यातून दोन संध्याकाळी बसू शकतील अशा निवृत्त सभासदांनी ठरावाची वाट न पाहता आपले नाव कळवावे. टेबल आणि खुर्च्या आहेत, झेरॉक्स मशीन दुरुस्तीला दिले आहे.